तोंडी सूचना सांगताना आवाज नाही, वाक्यच कडक वाटतंय, काय बदलू?

फिजिओताई, नाशिक
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेगळा आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, कॉलेज रोडच्या बाजूला छोटं क्लिनिक आहे. गुडघेदुखीचे पेशंट जास्त, बहुतेक साठीच्या पुढचे. क्लिनिकमध्ये सगळे नीट करतात पण घरी गेलं की व्यायाम बंद, आणि मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाल्याशिवाय गुडघ्यावरचा भार काही कमी होत नाही. छापील कागद दिला तर चष्मा शोधण्यापासून तयारी, व्हिडिओ बघायचा तर झोपल्या झोपल्या मान वळवायची, म्हणून मी ऑडिओ करायचं ठरवलं, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, त्यांनी फोन शेजारी ठेवायचा आणि ऐकत ऐकत करायचं.

पहिला ऑडिओ काही जणांना पाठवला. एक काकू म्हणाल्या, "आवाज गोड आहे गं तुझा, पण ऐकताना पीटीचा तास आठवतो." आणि एक काका म्हणाले, "तू फार विनवण्या करतेस, नक्की करायचंय की नाही तेच कळेना." दोघांनी ऐकलेला ऑडिओ एकच! आवाजाची पट्टी, स्पीड, माइक हे सगळं मी बघितलंय, मला आता वाटतंय की गडबड शब्दांत आणि वाक्यांच्या बांधणीत आहे. मजकूर असा आहे:

"कृपया पाठीवर झोपा. डावा गुडघा वाकवायचा. उजवा पाय सरळ ठेवून, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, पंजा स्वतःकडे ओढून, गुडघ्याने टॉवेल खाली दाबायचा. श्वास रोखू नका. पाच आकडे होईपर्यंत सोडायचं नाही. जमलं तर दहा वेळा करण्याचा प्रयत्न करा. दुखत असल्यास करू नये."

यात कुठे काय खटकतंय ते मोकळेपणी सांगा. मला हे खरंच नीट करायचंय, कारण कोणी चार दिवस ऐकून कंटाळलं तर तो गुडघा पुन्हा तिथेच.

मराठीच्या बाई, पंचवटी
अगं, काका आणि काकू दोघांनीही बरोबरच ऐकलंय. तुझ्या या सात वाक्यांत एक माणूस बोलतच नाहीये. 'कृपया' ही नाशिकरोड स्टेशनवरची अनाउन्समेंट, 'वाकवायचा, दाबायचा, सोडायचं नाही' हे शाळेतले सर, 'दुखत असल्यास करू नये' ही भिंतीवरची पाटी, आणि 'जमलं तर प्रयत्न करा' म्हणणारी मात्र तू, तीसुद्धा बिचकत. ज्याला जे लागलं ते त्याने ऐकलं.

आता 'करायचं' बघ. घरात हे रूप आपण कधी वापरतो? नियम सांगताना. जेवायच्या आधी हात धुवायचे, मोठ्यांना उलट बोलायचं नाही. त्यात करणारा माणूस दिसतच नाही, फक्त रीत दिसते. म्हणून पदार्थ शिकवताना ते फार छान बसतं, आधी मोहरी तडतडू द्यायची मग हिंग घालायचा, कारण तिथे रीतच सांगायची असते, समोरच्याने आत्ता उठून काही करायचं नसतं. पण सत्तरीचा माणूस पलंगावर आडवा पडलाय आणि त्याच्या कानात एकामागून एक 'यचं, यचं' पडतंय, तर त्याला आपण पहिलीत बसल्यासारखं वाटणारच. (योगाच्या वर्गातही हल्ली सगळे 'हात वर घ्यायचे, डोळे मिटायचे' म्हणतात, मला ते अजिबात आवडत नाही.)

उलट साध्या 'करा'ला लोक उगाच घाबरतात. या, बसा, पाणी घ्या. व्याकरणात हे सगळं आज्ञार्थच आहे की, पाहुण्याला कधी राग आलाय का? मराठीत आदर त्या 'करा'च्या शेवटच्या कान्यातच आलेला असतो, त्याच्यावर आणखी 'कृपया' ठेवलं की माणूस जवळचा होण्याऐवजी लांब जातो. तेव्हा 'कृपया' काढ, आणि 'करा' हेच रूप सुरुवातीपासून शेवटपर्यंत धर.

मऊपणा हवा तिथे जोडक्रियापदं वापर. आपल्या भाषेची खरी श्रीमंती तिथे आहे. 'पाय सरळ करा' म्हणजे काम सांगितलं, 'पाय सरळ करून घ्या' म्हणजे तुमच्या सोयीने, तुमच्यासाठी करा. 'धरून ठेवा' मध्ये टिकवणं आलं. 'खांदे सैल पडू द्या' मध्ये तर करायचं काहीच नाही, फक्त आड यायचं नाही, आणि अंग सैल पडणं हुकमाने होतही नाही त्यामुळे तिथे हेच रूप खरं. पण सरसकट लावू नकोस हं. 'पाठीवर झोपून घ्या' म्हटलंस तर काका खरोखर डुलकी काढतील, तिथे 'पाठीवर आडवे व्हा' म्हण.

आणि हा विचार नवा नाही बरं का. पाणिनीने संस्कृतातला 'लिङ्' म्हणजे विध्यर्थ कुठे कुठे वापरायचा ते सांगताना विधी, निमंत्रण, आमंत्रण, अधीष्ट, संप्रश्न, प्रार्थना असे सहा अर्थ एका सूत्रात दिलेत, आणि पुढच्याच सूत्रात म्हटलंय की 'लोट्' म्हणजे आज्ञार्थसुद्धा याच अर्थांनी येतो. निमंत्रण आणि आमंत्रण यातला फरक टीकाकार असा सांगतात की निमंत्रण टाळता येत नाही, आमंत्रणाला यायचं की नाही ते येणाऱ्याच्या मर्जीवर. तुझ्या ऑडिओत नेमकं हेच ठरलेलं नाही. व्यायाम हे निमंत्रण आहे की आमंत्रण? माझ्या मते निमंत्रण आहे, मग 'जमलं तर' कशाला.

द्राक्षवाला, निफाड तालुका
ताई मी काही भाषेतला माणूस नाही पण तोंडी सूचना हे आमचं रोजचं काम आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे द्राक्षाच्या विरळणीला पेठ सुरगाण्याकडच्या बाया येतात, त्यांची घरची बोली वेगळी, आमची वेगळी, त्यात बागेत शेजारी फवारणीचा ब्लोअर चालू असला तर अर्धं बोलणं वाऱ्यावर जातं, त्यामुळे कोणतं वाक्य पोचतं आणि कोणतं नाही ते लगेच घडावर दिसतं.

एक गोष्ट आम्हाला पक्की कळलेली आहे. घडातले मणी कमी करायचे असतात तेव्हा 'एवढे काढा' म्हटलं की कात्री काढण्याच्या मागेच लागते आणि घड मोकळा होऊन जातो, तेच 'असे एवढे ठेवा' म्हटलं आणि एक घड हातात धरून दाखवला की नजर ठेवायच्या मण्यांवर राहते. काम तेच, पण माणसाचं लक्ष क्रियापदाच्या मागे जातं.

दुसरं म्हणजे तुमचा तो 'नका'. आपल्या मराठीत 'नका' सगळ्यात शेवटी येतो. 'मण्यांना हात लावू' इथपर्यंत ऐकलं की हात लागलेला असतो, मग 'नका' ऐकून काय उपयोग, मण्यावरची ती पांढरट पावडर पुसली गेली की गेली, एक्स्पोर्टच्या मालाला तिचीच किंमत आहे. म्हणून आम्ही म्हणतो 'घड देठाला धरा'. देठाला धरला की मण्याला हात लागतच नाही. तुमच्या 'श्वास रोखू नका' चं पण तेच होणार, त्या आजी 'श्वास रोखू' ऐकून आधी श्वास रोखतील.

आणि ते 'ठेवून, ठेवून, ओढून, दाबायचा' वालं वाक्य फारच लांब आहे हो. ऐकणारा शेवटचं क्रियापद येईपर्यंत हातात टॉवेल घेऊन नुसता थांबलाय. एक वाक्य एक काम. मग गप्प बसायचं, काम होऊ द्यायचं, मग पुढचं वाक्य.

ओझरकर
फिजिओताई, मी एचएएलमधून निवृत्त झालेला माणूस, आयुष्य विमानांच्या आसपास गेलं. बाईंचं पटलं, निफाडकरांचं तर फारच पटलं, पण एक गोष्ट कळकळीने सांगतो की मऊ बोलण्याच्या नादात अर्थ मऊ होऊ देऊ नका. आमच्या क्षेत्रात त्यापायी माणसं गेलीत.

25 जानेवारी 1990 ला कोलंबियाच्या एव्हियान्का कंपनीचं बोइंग 707 न्यूयॉर्कला उतरायच्या आधी इंधन संपून पडलं, 73 माणसं गेली. हवेत बराच वेळ घिरट्या घालायला लावल्या होत्या. वैमानिकांनी रेडिओवर इंधन संपत आल्याचं सांगितलं होतं, प्रायॉरिटी पण मागितली होती, पण 'इमर्जन्सी' हा ठरलेला शब्द काही उच्चारला नाही. समोरच्याने ऐकलं सगळं, पण ती निकड त्याला त्या वाक्यात ऐकू आली नाही.

आणि त्याच्याही आधीचं, 27 मार्च 1977, टेनेरिफ बेटावर धावपट्टीवरच दोन जंबो जेट एकमेकांवर आदळली, 583 मृत्यू. धुकं होतं, इतरही बरीच कारणं होती, पण त्यात एक कारण असं की केएलएमच्या सहवैमानिकाने "वी आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ" असं काहीतरी म्हटलं, विमान धावायला लागलं होतं आणि टॉवरला वाटलं ते टेकऑफच्या जागी उभं आहे. त्यानंतर नियमच झाला की 'टेकऑफ' हा शब्द फक्त प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच बोलायचा, एरवी सगळीकडे 'डिपार्चर'. एका शब्दाला एकच काम.

तुमच्या मजकुरात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कोणतं? दुखलं तर थांबणं. आणि तेच तुम्ही सगळ्यात शेवटी, सगळ्यात पुळचट भाषेत टाकलंय, 'दुखत असल्यास करू नये'. तोपर्यंत त्यांनी दहा वेळा करून झालेलं असेल. ते सुरुवातीला घ्या आणि दोन शब्दांत सांगा. दुखलं, थांबा. तिथे 'घ्या' नको, 'द्या' नको.

रामकुंडकर
ओझरकर काकांना अनुमोदन. 2015 च्या सिंहस्थात मी घाटावर स्वयंसेवक होतो. आम्हाला आधीच बजावलेलं होतं, कारण 2003 च्या कुंभात इथे चेंगराचेंगरीत 39 माणसं गेलेली, ते नाशिककर विसरू शकत नाही. गर्दीत 'ढकलाढकली करू नका, घाबरू नका' ओरडलं की मागच्यांना फक्त 'ढकलाढकली' आणि 'घाबरू' ऐकू येतं आणि खरंच काहीतरी झालंय असं वाटून ते पुढे रेटतात. त्यापेक्षा 'पुढचा घाट मोकळा आहे, डाव्या बाजूने चालत राहा' हे बरं. आधी खात्रीची गोष्ट, मग दिशा, शेवटी क्रियापद. आणि तेच वाक्य तसंच्या तसं परत परत, दर वेळी शब्द बदलले की लोकांना वाटतं सूचना बदलली. 2027 ला पुन्हा उभा राहणार आहे, निफाडच्या दादांचा 'नका'चा मुद्दा आमच्या गटात नक्की सांगणार.

सटाण्याची लेक
मला थोडं वेगळं म्हणायचंय. माझी आई असे ऑडिओ रोज ऐकते (तुमचा नाही, दुसरे कुठलेतरी), आणि तिला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो माहितीये, 'आपण आता पाय वर घेणार आहोत' याचा. ती म्हणते ही कुठे घेतेय पाय वर, घेतेय तर मी एकटीच. समोर वर्गात शिकवणारा स्वतःही करत असतो तेव्हा 'आपण' खरं असतं, रेकॉर्डिंगमध्ये ते खोटं वाटतं. आणि दुसरं ते 'छान! शाब्बास! मस्त जमतंय!', अगं तू बघतच नाहीयेस तर शाब्बास कसलं. फिजिओताई तुमच्या मजकुरात हे दोन्ही नाहीये, ते तसंच राहू द्या, कोणी घाला म्हटलं तरी घालू नका.

अजून एक. आमच्याकडे बागलाणात अहिराणीत 'ये' आणि 'येजो' असं वेगवेगळं आहे, 'ये' म्हणजे आत्ता ये, 'येजो' म्हणजे पुढे कधीतरी, सवडीने, पण ये नक्की. आई निघताना नेहमी 'येजो' म्हणते आणि त्यात घाई नसते पण सूटही नसते. मला वाटतं तुम्हाला ऑडिओच्या शेवटी तसंच काहीतरी हवंय, 'प्रयत्न करा' नाही आणि 'केलंच पाहिजे' पण नाही. प्रमाण मराठीत 'करत जा' आहे की. 'रोज सकाळी एकदा करत जा.' घरातलं मोठं माणूस असंच सांगतं.

फिजिओताई, नाशिक
किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप खूप आभार. निमंत्रण आणि आमंत्रण वाचून तर मी बराच वेळ विचार करत होते, कारण क्लिनिकमध्ये समोर पेशंट असतो तेव्हा हे आपोआप होतं, चेहरा दिसतो, हात लावून पाय धरता येतो, सगळं वाक्यावर नसतं. ऑडिओत मात्र वाक्य सोडून माझ्याकडे दुसरं काहीच नाही. एक सांगते, 'श्वास रोखू नका' मी उगाच घातलेलं नव्हतं, दाबताना श्वास कोंडला की बीपी वर जातं आणि माझे निम्मे पेशंट बीपीचे आहेत, त्यामुळे ते वाक्य काढता येणार नाही पण उलटं नक्की करता येईल. मोठ्याने आकडे मोजायला लावलं तर श्वास कोंडायचा प्रश्नच येत नाही, म्हणून तसं केलंय. नवीन मजकूर असा:

"सुरू करण्याआधी एक लक्षात ठेवा. दुखलं, थांबा.
पाठीवर आडवे व्हा. डावा गुडघा वाकवून घ्या. उजवा पाय सरळ राहू द्या. टॉवेलची गुंडाळी उजव्या गुडघ्याखाली सरकवा.
उजवा पंजा स्वतःकडे ओढा. आता गुडघ्याने टॉवेल खाली दाबा. धरून ठेवा, आणि माझ्याबरोबर मोठ्याने मोजा. एक, दोन, तीन, चार, पाच. श्वास सोडा. आता सोडा.
असं दहा वेळा. रोज सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा करत जा."

प्रत्येक वाक्यानंतर मी थांबणार आहे, टॉवेलनंतर जास्त, कारण तो सरकवायला वेळ लागतो. हे बरं वाटतंय का?

मराठीच्या बाई, पंचवटी
फार छान झालंय. आता एकच बाई बोलतेय, आणि तिला माहितीये ती काय सांगतेय. 'सरकवा' हा शब्द विशेष आवडला, आधीच्या 'ठेवून'मध्ये पाय उचलायचा की नाही ते कळत नव्हतं, 'सरकवा' म्हटलं की हात आपोआप खालून जातो. 'सुरू करण्याआधी' ऐवजी 'सुरू करायच्या आधी' कर, बोलताना आपण तसंच म्हणतो. 'असं दहा वेळा' नंतर 'करा' नाहीये ते राहू दे, तिथे क्रियापद नसलेलंच बरं, श्वास घ्यायला जागा मिळते.

ओझरकर
सगळं उत्तम, पण 'श्वास सोडा. आता सोडा.' इथे माझा आक्षेप आहे. दोन 'सोडा' लागोपाठ, एक श्वासाचा आणि एक गुडघ्याचा. ऐकणारा पहिल्याच 'सोडा'ला गुडघा सोडून देणार आणि दुसऱ्याला काय सोडायचं म्हणून गोंधळणार. वर टेकऑफचं लिहिलं ते यासाठीच. एका शब्दाला एकच काम द्या.

फिजिओताई, नाशिक
हो काका, अगदी बरोबर. 'सोडा' फक्त गुडघ्यासाठी ठेवते, 'आता गुडघा सैल सोडा', आणि श्वासाचं वाक्य काढूनच टाकते, मोठ्याने मोजलं की तो चालूच राहतो. उद्या दुपारी क्लिनिक रिकामं असतं तेव्हा पुन्हा रेकॉर्ड करते आणि त्याच काका-काकूंना पाठवते.

सटाण्याची लेक
ताई डाव्या गुडघ्याचा ऑडिओ वेगळाच करा, याच्याच शेवटी 'आता दुसऱ्या पायाने तसंच' असं टाकू नका. आईचा डावाच दुखतो, आणि उजवा ऐकून डोक्यात डावा करत बसायचं म्हणजे अर्धं लक्ष त्यातच जातं. झाला की इथे कळवा, तिच्यासाठी मला हवाय.